नाव पेन्सिलीने, गाव शाईने

आप्पांना झाड भेट देणे ही सोपी गोष्ट नव्हती. शहाद्यातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना सगळा बाजार शेठ म्हणत असे, आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पती उद्यानासाठी एकदा टेम्पोतून सहा फुटी पाम पाठवला. चकचकीत कुंडी, बुंध्याला लाल फीत, फाटकात हार घेऊन उभे असलेले प्राचार्य, असा सगळा थाट होता. आप्पांनी पामाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी टेम्पोवाल्याला विचारले, "हाऊ कोठून उना?" त्याने एका रोपवाटिकेचे नाव सांगितले. त्यांनी कोठून आणला, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या रोपवाटिकेतून. आणि त्यांनी? टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "आप्पा, मी फक्त गाडी चालाडस."

पाम फाटकाबाहेर डाव्या हाताला लागला. आप्पांनी त्याला रोज पाणी घातले, त्याची वाळकी पाने काढली, पण फाटकाच्या आत घेतला नाही. ज्याचे गाव माहीत नाही त्याने सावली खुशाल द्यावी, संग्रहात मात्र येऊ नये, असा त्यांचा नियम होता. शेठ रागावले असतील असे आम्हाला वाटले. दोन वर्षांनी तेच शेठ राजस्थानातल्या आपल्या गावाहून परतताना तेलाच्या डब्यात केर नावाच्या वाळवंटी झुडपाचे वीतभर रोप घेऊन आले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "आजोबांच्या शेताचा बांध, विहिरीच्या उगवतीला. मी स्वतः खणलं. माती तिथलीच आहे." आप्पांनी तिथल्या तिथे रोपाला नंबर दिला आणि शेठना चहा पाजला. शेठ आजही दुकानात गिऱ्हाइकांना तो नंबर तोंडपाठ सांगतात.

कागदोपत्री आप्पा प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षण अकरावीपर्यंत. वनस्पतिशास्त्र विभागाने वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाती एक पडीक तुकडा दिला, लोणखेड्याच्या रस्त्याला लागून, दोन बाजूंना ऊस आणि मागे केळी. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा त्या तुकड्यात गोरखचिंच होती, कैलासपती होता, सातपुड्यातून आणलेले अंजन, सालई, चारोळी आणि बिब्बा होते. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये कुंड्यांच्या रांगा होत्या. कोणत्याही झाडावर नाव नव्हते. प्रत्येकाला ॲल्युमिनियमची एक पट्टी आणि तिच्यावर खिळ्याने ठोकलेला नंबर, एवढेच. पाहुण्यांना हे आवडत नसे. कोणी नाव विचारलेच तर आप्पा शेडमधल्या लोखंडी कपाटातून रजिस्टर काढून त्यांच्यापुढे उघडत.

त्या रजिस्टरची रचना मी त्यानंतर पाहिलेल्या अनेक अद्ययावत प्रणालींपेक्षा विचारपूर्वक केलेली होती. पहिला रकाना नंबराचा. दुसरा नावाचा, आणि तो नेहमी पेन्सिलीने भरलेला. तिसरा आणि चौथा, कोठून आणले आणि कोणी आणले, हे मात्र शाईने. मी कारण विचारले तेव्हा ते लेबलाची पट्टी कातरीने कापत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव बदलस. तुम्हना मोठा लोक दर पाच वरीसले बदलतस. गाव बदलत नही." वर्गीकरणशास्त्रावर माझी अनेक व्याख्याने ऐकून झाली होती, पण नाव हे अनुमान असते आणि उगमस्थान हे निरीक्षण असते, हा भेद मला इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितला नव्हता.

शेवटच्या रकान्याला त्यांनी मथळा दिला होता 'शेवट'. झाड मेले की त्यात कारण लिहायचे आणि चूक कोणाची तेही. "पाणी जास्त. मी." "शेळी शिरली, फाटक मी उघडं टाकलं." "भाचीकडे चार दिवस राहिलो. मी." मेलेल्या झाडाचा नंबर पुन्हा कोणाला दिला जात नसे. त्याची पट्टी शेडच्या मागच्या भिंतीवर ताणलेल्या एका तारेत ओवली जाई, आणि तारेवर गेलेली पट्टी खाली येत नसे. वाऱ्याने त्या पट्ट्या एकमेकींवर वाजत. विद्यार्थी त्या भागाला स्मशान म्हणत. आप्पा नुसतेच 'तार' म्हणत.

हे सगळे वाचून ते हळवे गृहस्थ असावेत, असा समज होईल. तसे नव्हते. एकदा एका मुलीने त्यांना मोठ्या कौतुकाने विचारले की तुम्ही झाडांशी बोलता का. आप्पा म्हणाले, "त्यासले काय काम नही का?" चहाच्या बाबतीतही ते कठोर होते. शेडमधल्या स्टोव्हवर चहा दोनदा होई, पण हातातली नोंद पुरी केल्याशिवाय कोणाला कप मिळत नसे. एका विभागप्रमुखांनाही मिळाला नव्हता. त्यांनी धडगावकडून आणलेल्या शतावरीचे ठिकाण 'सातपुडा' असे लिहिले होते. आप्पांनी विचारले, "सातपुडामा कोठे? तो काय गल्ली शे का?" सर अर्धा तास आठवत बसले. चहा गार झाला.

आता माझ्याविषयी, कारण पुढची हकिगत माझ्या चुकीची आहे.

मी तापीकाठच्या एका केळी पिकवणाऱ्या घरातली. घरी अहिराणी बोलत असू, पण पुढे जायचे तर ती भाषा उंबऱ्याशी ठेवली पाहिजे असे मी आठवीतच ठरवून टाकले होते. आप्पा माझ्याशी अहिराणीत बोलत आणि मी काळजीपूर्वक प्रमाण मराठीत उत्तर देई. त्यांनी याबद्दल कधी काही म्हटले नाही. मला 'माय' म्हणत, जसे आमच्याकडे लेकीबाळींना म्हणतात, आणि मी ते ऐकून घेई. एम.एस्सी.ला आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळवायचा, आणि त्यासाठी प्रबंधिका इतकी भक्कम करायची की कोणाला नाही म्हणता येऊ नये.

माझा विषय होता कंदीलपुष्प. पावसाळ्यात कड्याकपारीला चढणारी नाजूक वेल, फूल छोट्या कंदिलासारखे, जमिनीत नाण्याएवढा चपटा कंद. आप्पांच्या बागेत तिचे दोन संग्रह होते. एक खापर गावाजवळच्या डोंगरावरचा. दुसरा धडगावच्या वाटेवर घाटातल्या एका कड्यावरचा, आणि त्याची गोष्ट निराळी होती. रस्ता रुंद करताना तो कडा उतरवला गेला. आप्पा त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिथे गेले होते आणि चार कंद घेऊन आले होते. त्या कड्यावरची वेल आता जगात कोठे असेल तर आप्पांच्या कुंडीत होती. दोन ठिकाणच्या वेलींमध्ये काय फरक आहेत, हे मला दाखवायचे होते. पहिल्या पावसाळ्यात मी फुलांची मापे घेतली. दुसऱ्या पावसाळ्यातल्या मापांवर प्रबंधिका पुरी होणार होती.

त्या दोन पावसाळ्यांच्या मधल्या वैशाखात आप्पा पुतणीच्या लग्नाला तीन दिवस खापरला गेले आणि जाताना शेडची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मला जोडीला एक बीज-अंकुरणाचा प्रयोगही करायचा होता आणि ट्रे ठेवायला शेडमध्ये जागा नव्हती. मी पाहणी केली. मागच्या दोन रांगांत चाळीसेक कुंड्यांत कोरडी भेगाळलेली माती होती, आणि मातीत खोचलेली नंबराची पट्टी. झाड नाही. मी निष्कर्ष काढला: झाडे मेली आहेत, पट्ट्या तारेत ओवायच्या राहून गेल्या आहेत. मग मी त्या कुंड्या एकामागून एक शेडमागच्या मातीच्या ढिगावर उलट्या केल्या, कुंड्या धुतल्या, पट्ट्या पुसल्या आणि चढत्या क्रमाने लावून दोऱ्यात बांधल्या. आप्पांचे काम वाचवल्याचे समाधानही मला वाटले.

सुप्तावस्था या प्रकरणावर मला पैकीच्या पैकी गुण होते. उन्हाळ्यात कंदवर्गीय वनस्पती जमिनीवरचा सगळा पसारा आवरून कंदात निजून राहतात, हे मी कोणालाही आकृतीसह समजावून सांगू शकले असते. माझ्या स्वतःच्या वेलीही पावसाळ्यात कुंपणापाशी चढवलेल्या होत्या. हिवाळ्यात आप्पांनी त्या कुंड्या आत आणून ठेवल्या, याचा मी विचारही केला नव्हता. रजिस्टर हाताच्या अंतरावर होते. चाळीसपैकी एक नंबर काढून पाहिला असता तरी पुरले असते.

आप्पा चौथ्या दिवशी सकाळी आले, लग्नातल्या नव्या टोपीसकट. ट्रेंच्या रांगा पाहिल्या. दोऱ्यात बांधलेल्या पट्ट्या पाहिल्या. विचारले, "कुंड्यासनी माती कोठे शे?"

मी शेडमागे नेऊन ढीग दाखवला. त्यांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली, ढिगापाशी मांडी घातली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी तळहातावर एक तपकिरी, सुरकुतलेली चकती माझ्यापुढे धरली.

"निजेल व्हतं, माय."

 मीही खाली बसले. ढीग दीड दिवस उन्हात होता आणि वरचे कंद सुकत चालले होते. तीन दिवस आम्ही ती माती वाळूच्या चाळणीने चाळली. आप्पा रागावले नाहीत. उलट लग्नातल्या गमती सांगत राहिले, नवरदेवाचे बूट कोणी पळवले आणि वरणात मीठ घालायचे कसे राहिले. मला ते असह्य होत होते. त्यांनी ओरडावे असे वाटत होते, म्हणजे मला निदान स्वतःची बाजू मांडता आली असती.

रानसुरण, कळलावी, सफेद मुसळी, रानहळद यांचे कंद रूपावरूनच ओळखू आले, आणि प्रत्येकाचा संग्रह एकेकच असल्याने त्यांचे नंबर त्यांना परत मिळाले. उरली कंदीलपुष्पे. दोन कुंड्यांत मिळून नऊ कंद होते, घाटातले चार आणि खापरचे पाच. आम्हाला सात सापडले, आणि ते सातही एकमेकांसारखे होते. पाऊस आला की पाने येतील, फुले येतील, पण माझी मापे सांगत होती की दोन्हींमधला फरक सरासरीचा आहे; एकट्या वेलीवरून तिचे ठिकाण सांगता येणार नाही.

तेव्हा माझ्या मनाने जे केले ते मी आज कोणताही आडपडदा न ठेवता लिहिते. मी एक तर्क रचला. कड्यावर माती कमी, म्हणून तिथले कंद लहान असणार. सातपैकी तीन लहान आहेत. ते घाटातले, बाकीचे चार खापरचे. तर्क दिसायला शास्त्रीय होता, आणि तो मान्य झाला तर माझी प्रबंधिका वाचत होती, प्रवेश वाचत होता, आणि कड्यावरच्या वेलीचे गावही वाचत होते. मी तो आप्पांना व्यवस्थित, मुद्देसूद समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले,

"तुले वाटस, का माहीत शे?"

मी पुन्हा मुद्दे सांगायला लागले. ते कंदांवरची माती पुसत राहिले. शेवटी मी त्यांच्याशी पहिल्यांदाच आमच्या घरच्या भाषेत बोलले.

"माले माहीत नही, आप्पा."

"मंग तेच लिख."

त्यांनी रजिस्टर आणि पेन माझ्या हातात दिले. दोन्ही जुन्या नंबरांच्या 'शेवट' या रकान्यात मी लिहिले: कुंड्या रिकाम्या समजून ओतल्या. चूक माझी. खाली सही. मग सात कंदांना सात नवे नंबर. 'कोणी आणले' या रकान्यात माझे नाव. 'कोठून' पाशी मी अडले. आप्पा म्हणाले, कोठून आणले ते माहीत आहेच की, लिही. मी शाईने लिहिले: बागेतला मातीचा ढीग, लोणखेडा रस्ता. सातही वेळा. दोन जुन्या पट्ट्या त्यांनी तारेत ओवल्या. मग चहा ठेवला.

त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही. प्रबंधिका खापरच्या डोंगरावर जाऊन मोजलेल्या वेलींपुरती उरली आणि तौलनिक भाग गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारले की दुसरा संग्रह का वगळला. मी कारण सांगितले, त्यांनी मान डोलावली आणि गुण कमी दिले. मी बरेच महिने आप्पांवर रागावलेली होते. चूक कबूल करणे वेगळे आणि हातातले निष्कर्ष फेकून देणे वेगळे, असा माझा युक्तिवाद होता. बागेत मात्र रोज जात राहिले, कारण वर्षभर करण्यासारखे दुसरे काही नव्हते. त्या वर्षात मी पट्ट्यांवर खिळ्याने आकडे ठोकायला शिकले. अंजनाची रोपे सोटमूळ न दुखवता हलवायला शिकले. आणि एखाद्या गोष्टीविषयी आपल्याला नेमके किती माहीत आहे, याची सीमारेषा आखायला शिकले, जी विद्या मला कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला.

आज मी समुद्रकाठच्या एका मोठ्या वनस्पती उद्यानात काम करते. उष्ण प्रदेशांतल्या हजारो वनस्पती, काचेची घरे, संगणकावरच्या नोंदी. त्या नोंदींत कितीतरी जुन्या झाडांच्या उगमस्थानापुढे कोणीतरी कधीतरी आत्मविश्वासाने एखाद्या डोंगराचे नाव लिहिलेले असते, आणि खणत गेले की कळते, त्यांना तसे वाटले होते, इतकेच. अशा झाडावरून संशोधन करता येत नाही, आणि मूळ जंगलात त्याचे पुनर्रोपणही करता येत नाही. माझ्या कामाचा मोठा भाग अशी खोटी गावे पुसण्याचा आहे. सहकारी मला याबद्दल थोडे हटवादी समजतात. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात प्रत्येक कोरड्या कुंडीवर मी हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: निजलेले आहे, ओतू नये.

गेल्या पावसाळ्यात मी त्या सात वेलींची पाने मागवली आणि खापरच्या डोंगरावरून स्वतः जाऊन काही पाने आणली. घाटातला कडा गेला असला तरी खापरचा डोंगर जागेवर आहे. जे त्याच्याशी जुळणार नाही ते दुसरीकडचे, एवढे तरी म्हणता येणार होते. प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीत सातपैकी चार वेली डोंगरावरच्यांशी जुळल्या. तीन जुळल्या नाहीत. त्या तिन्हींमध्ये माझ्या तर्कातला लहान कंद एकच होता. तेव्हा माझा तर्क शाईने लिहिला गेला असता, तर कड्यावरच्या दोन वेली कायमच्या खापरच्या झाल्या असत्या.

मी आप्पांना फोन केला. ते निवृत्त झाले आहेत, पण रोज सकाळी बागेत जातात. नव्या परिचराला ते अडचण वाटत नाहीत ही त्या माणसाची थोरवी. मी सगळे सांगितले, अहिराणीतच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "पक्कं शे?"

मी म्हटले, डोंगरावरचे नमुने थोडे होते. बहुधा. बहुधाच्या बरेच पुढे, पण पक्के नाही.

त्या रजिस्टरात इतक्या वर्षांत गावाचा रकाना शाईशिवाय कोणी भरलेला नव्हता. आप्पांनी विचार केला असावा. फोनवर तारेवरच्या पट्ट्यांचा आवाज येत होता.

"मंग पेन्सिलनं लिख," ते म्हणाले. "येजो."

दिवाळीत मी गेले. फाटकाबाहेरचा पाम आता फाटकापेक्षा उंच झाला आहे. आप्पा स्टोव्हपाशी बसले होते. टोपी त्याच खिळ्याला होती. मी आधी तारेकडे गेले, तर दोन्ही पट्ट्या जागेवरच होत्या, आणि त्या खाली काढा असे मी म्हटले नाही. कपाट उघडले, रजिस्टर काढले. तीन नंबरांपुढे, 'बागेतला मातीचा ढीग' या माझ्या शाईतल्या शब्दांखाली, मी पेन्सिलीने लिहिले: बहुधा घाटातला कडा, धडगावची वाट.

मग सहज मागची पाने उलटली. जुन्या दोन नंबरांच्या 'शेवट' या रकान्यात माझी ओळ होती, माझी सही होती. त्या सहीखाली, त्याच दिवसाची तारीख घालून, आप्पांच्या सरळ शाळकरी अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मी गेल्यावर लिहिली असणार. इतकी वर्षे तिच्याविषयी ते एक शब्दही बोलले नव्हते.

"किल्ली देताना कुंड्या निजल्या आहेत हे सांगितले नाही. मी."

ती शाईत होती.

मला रजिस्टर मिटावेसे वाटेना. स्टोव्हपाशी कपांचा आवाज झाला.

"लिखाई गयं का, माय?"

"लिखाई गयं, आप्पा," मी म्हटले, आणि चहाला गेले.